घरच्या घरी फळांची बिअर : पहिल्या २० लिटरसाठी मार्गदर्शक

फळांची बिअर म्हटल्यावर बहुतेकांच्या मनात गोड, रंगीत आणि सरबताच्या जवळ जाणारे पेय येते आणि नवशिक्यांची निराशा नेमकी तिथूनच सुरू होते. फळातली साखर यीस्ट खाऊन टाकते. हे आंबणे, म्हणजे किण्वन, पूर्ण झाल्यावर पेल्यात उरतो तो फळाचा आंबटपणा, त्याचा वास, रंग आणि साली-बियांचा थोडा तुरटपणा. गोडवा जवळजवळ सगळाच निघून जातो. आपल्या जिभेला मात्र फळाची चव गोडव्याच्या सोबतीनेच ओळखायची सवय असते, त्यामुळे भरपूर आंबा घातलेली बिअर पिऊनही ‘यात आंबा कुठे आहे?’ असा प्रश्न पडतो. कोणते फळ घ्यावे, किती घ्यावे, ते केव्हा घालावे आणि मूळ बिअर किती कडू असावी, हे सगळे निर्णय या एका गोष्टीवर अवलंबून असल्याने पुढची प्रत्येक पायरी वाचताना ती लक्षात ठेवावी.

हा लेख ज्यांनी आजवर एकदाही बिअर केलेली नाही त्यांच्यासाठी आहे. धान्य भिजवून, गरम पाण्यात ठेवून त्यातून साखर काढण्याची पद्धत इथे जाणूनबुजून घेतलेली नाही. तयार माल्ट अर्क, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातून काढलेला साखरेचा अर्क, वापरला की अर्धे काम आणि निम्म्याहून अधिक चुका टळतात आणि फळांच्या बिअरमध्ये चवीचा मुख्य भार फळावर असल्यामुळे अर्क वापरल्याने फारसे काही गमवावे लागत नाही.

सुरुवात करण्यापूर्वी आपण राहतो तिथला कायदा पाहून घ्यावा. काही देशांत स्वतःच्या वापरासाठी ठरावीक मर्यादेत बिअर करण्यास मुभा आहे, काही ठिकाणी परवाना लागतो, तर काही ठिकाणी हे पूर्ण निषिद्ध आहे. जिथे घरी करण्यास परवानगी आहे तिथेही परवान्याशिवाय विक्री करता येईल असे गृहीत धरू नये. तयार झालेली बिअर ऊर्ध्वपातन करून तीव्र करण्याचा विचारही करू नये. त्याचे नियम आणि धोके, दोन्ही वेगळे आहेत.

## लागणारी साधने

- १५ ते १६ लिटरचे स्टीलचे पातेले. २० लिटर एकदम उकळण्याची गरज नाही, ते का ते पुढे येईलच.
- सुमारे ३० लिटरची, खाद्यपदार्थांसाठी बनवलेल्या प्लास्टिकची, घट्ट झाकणाची बादली. हाच आपला फर्मेंटर. काचेचा मोठा बुधला दिसतो सुंदर, पण भरलेला आणि ओला असताना हातातून सुटला तर गंभीर इजा होते, शिवाय त्याच्या अरुंद तोंडातून फळ घालणे आणि काढणे दोन्ही त्रासाचे असते.
- एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत येऊ न देणारी छोटी नळी), आणि झाकणाच्या भोकात बसेल अशी जाड नळी.
- हायड्रोमीटर (द्रवाची घनता पाण्याच्या तुलनेत मोजणारे साधन) आणि त्याची उंच नळकांडी. हे साधन ऐच्छिक समजू नये.
- थर्मामीटर, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि हॉप्ससाठी (बिअरला कडूपणा देणारी वाळवलेली फुले) अगदी छोटी वजने दाखवणारा दुसरा काटा.
- सायफनची नळी आणि बाटल्या भरण्यापूर्वी बिअर ओतून घेण्यासाठी दुसरी बादली.
- फळासाठी बारीक जाळीची, उकळता येईल अशी पिशवी.
- बाटल्या, नवी झाकणे आणि झाकणे बसवण्याचे यंत्र. ३३० मिलिलिटरच्या सुमारे ६० बाटल्या लागतात.
- सुगंध नसलेला धुण्याचा पदार्थ, आणि निर्जंतुक करण्यासाठी धुवून टाकावे न लागणारे, आम्लयुक्त किंवा आयोडीनयुक्त द्रावण.

## लागणारे साहित्य

- गव्हाच्या माल्टचा कोरडा अर्क, २.५ किलो. यात सहसा गहू आणि बार्ली दोन्ही असतात.
- ५ टक्के अल्फा आम्ल (कडूपणा देणारा घटक) असलेले हॉप्स, २५ ग्रॅम. पाकिटावर हा आकडा लिहिलेला असतो. तो १० टक्के असेल तर हॉप्स निम्मे घ्यावेत.
- कोरडे एल यीस्ट (खोलीच्या तापमानाजवळ आंबवणाऱ्या प्रकारचे), ११ ग्रॅमचे एक पाकीट, शक्यतो तटस्थ चवीचे.
- फळ. प्रमाण पहिल्या पायरीत दिले आहे.
- पेक्टिन (फळातला, जॅमला घट्टपणा आणणारा पदार्थ) फोडणारे एन्झाइम.
- बाटल्यांसाठी साधी साखर, सुमारे १२० ग्रॅम.

यीस्टबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. गव्हाच्या बिअरसाठी मिळणारे बव्हेरियन पद्धतीचे यीस्ट केळ्याचा आणि लवंगेचा वास निर्माण करते. तो वास स्वतःच्या जागी फार चांगला असतो, पण नाजूक फळाला तो सहज झाकून टाकतो. पहिल्या वेळी तरी ते टाळावे.

## १. फळ निवडणे

गोड फळापेक्षा आंबट आणि ठसठशीत वासाचे फळ घ्यावे, हा माझा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे. साखर गेल्यावरही ज्याची ओळख पटते तेच फळ बिअरमध्ये टिकते. या कसोटीवर रास्पबेरी आणि आंबट चेरी सर्वांत वर येतात. ब्रुसेल्सच्या आसपासचे लॅम्बिक बिअर करणारे पिढ्यान्‌पिढ्या याच दोन फळांकडे वळत आले, हा योगायोग नाही. त्यांची पिंपातली, हवेतल्या यीस्टवर आणि जीवाणूंवर चालणारी, महिनोन्‌महिने लांबणारी पद्धत मात्र नवशिक्याने उचलू नये.

२० लिटरसाठी रास्पबेरी २ ते ३ किलो पुरते आणि आंबट चेरी ३ ते ४ किलो. आंबा, पीच आणि जर्दाळू यांची चव मवाळ असल्याने ४ ते ६ किलो घ्यावे लागते. यांपैकी जर्दाळू सर्वांत चांगले टिकते, इतके की पीचची बिअर हवी असेल तर थोडे जर्दाळू मिसळल्याने ती अधिक पीचसारखी लागते. स्ट्रॉबेरीचा मोह अनेकांना होतो, पण तिचा रंग काही आठवड्यांत फिका पडून पिवळसर होतो आणि वासही लवकर उडतो. कलिंगड तर बहुतांशी पाणीच असते. संत्रे किंवा लिंबू वापरायचे असेल तर रसापेक्षा सालीचा रंगीत वरचा थर किसून घालावा आणि त्याखालचा पांढरा भाग पूर्ण टाळावा, कारण तो उग्र कडू असतो.

अननस, पपई आणि किवी यांत प्रथिने तोडणारी एन्झाइम असतात. बिअरचा फेस प्रथिनांवर उभा असतो, त्यामुळे ही फळे कच्ची घातली की फेस टिकत नाही. त्यांचा गर तापवून घेतल्याशिवाय वापरू नये.

डबाबंद गर किंवा बाटलीतला रस वापरायला हरकत नाही. उलट निर्जंतुक केलेला, काहीही न मिसळलेला गर नवशिक्यासाठी ताज्या फळापेक्षा सोयीचा असतो. मात्र लेबल नीट वाचावे. पोटॅशियम सॉर्बेट, सोडियम बेंझोएट किंवा सल्फाइट असलेला पदार्थ यीस्टची वाढ रोखतो, कारण तो त्यासाठीच घातलेला असतो. कृत्रिम गोडी आणणारे पदार्थ यीस्ट खात नाही, त्यामुळे ती गोडी शेवटपर्यंत तशीच राहते. जॅम आणि सरबताचे पाक वापरूच नयेत.

फळामुळे बिअर आपोआप कडक होते हा समज फारसा खरा नाही. फळात साखरेबरोबर पाणीही येते. रास्पबेरीत वजनाच्या सुमारे ४ ते ५ टक्केच साखर असते, म्हणून ४.७ टक्के अल्कोहोलच्या बिअरमध्ये ३ किलो रास्पबेरी घातली तर अल्कोहोल किंचित उतरून ४.५ टक्क्यांच्या आसपास येते. पिकलेल्या आंब्यात सुमारे १४ टक्के साखर असल्याने तिथे ते थोडे चढते.

## २. स्वच्छता आणि निर्जंतुकीकरण

ही दोन कामे वेगळी आहेत आणि याच क्रमाने करायची आहेत. आधी दिसणारी घाण, चिकटपणा आणि जुना गाळ पूर्ण काढावा, आणि त्यानंतर निर्जंतुक करणारे द्रावण पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणात व तितका वेळ वापरावे. घाणीच्या थरावर ओतलेले द्रावण खालच्या जीवाणूंपर्यंत पोहोचत नाही. उकळी थांबल्यानंतर जे जे बिअरला स्पर्श करणार आहे, म्हणजे बादली, झाकण, एअरलॉक, नळी, चमचा, कात्री आणि यीस्टच्या पाकिटाची बाहेरची बाजूसुद्धा, ते सगळे निर्जंतुक असले पाहिजे. प्लास्टिकची बादली खरखरीत घासणीने घासू नये, कारण ओरखड्यांत जीवाणू घर करतात आणि पुढे ते निघत नाहीत.

## ३. पाणी

पिण्यायोग्य आणि चांगल्या चवीचे पाणी या बिअरला पुरते. नळाच्या पाण्यातला क्लोरीन मात्र काढावा लागतो, कारण माल्टमधल्या घटकांशी संयोग होऊन त्यातून औषधी पट्टीसारखा वास तयार होतो आणि तो नंतर कशानेही जात नाही. पाणी १५ ते २० मिनिटे उकळल्याने क्लोरीन निघून जातो. क्लोरीनऐवजी क्लोरामाइन हे दुसरे जंतुनाशक वापरलेले असेल तर ते असे जात नाही आणि त्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची अगदी अल्प मात्रा लागते.

आदल्या दिवशी सुमारे ११ लिटर पाणी उकळून, झाकलेल्या निर्जंतुक भांड्यांत थंड करून ठेवावे. दुसऱ्या दिवशी हेच पाणी वर्ट, म्हणजे अर्क विरघळवलेले आणि अजून न आंबलेले गोड पाणी, थंड करण्याच्याही कामी येते.

## ४. वर्ट उकळणे

पातेल्यात १० ते ११ लिटर पाणी तापवावे, आच बंद करून त्यात १.२५ किलो अर्क घालावा, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावे आणि मगच पुन्हा आच लावावी. आच चालू असताना अर्क घातला तर तो तळाशी बसून करपतो आणि करपट चव संपूर्ण बिअरमध्ये उतरते.

उकळी येण्याच्या सुमारास फेस अचानक वर येतो. पहिली १० मिनिटे पातेल्याजवळून हलू नये आणि झाकण ठेवू नये. वर्ट दुधापेक्षाही चटकन उतू जातो आणि त्याचा चिकट पाक शेगडीवरून काढणे हे मोठे काम होऊन बसते. फेस बसला की २५ ग्रॅम हॉप्स घालावेत आणि तिथून ६० मिनिटे उकळी चालू ठेवावी. शेवटची १५ मिनिटे उरली असता आच बंद करून उरलेला १.२५ किलो अर्क मिसळावा आणि पुन्हा उकळी आणावी. अर्क असा दोन हप्त्यांत घातल्याने रंग फिका राहतो.

एवढ्या हॉप्सने येणारा कडूपणा सुमारे १५ आयबीयू (बिअरचा कडूपणा मोजण्याचे एकक), म्हणजे सौम्य असतो. तो मुद्दाम कमी ठेवला आहे, कारण फळाचा आंबटपणा आणि हॉप्सचा कडूपणा एकाच घोटात जोरात आले की एकमेकांशी भांडतात. वासाचे हॉप्स शेवटी घालण्याचा मोह पहिल्या वेळी आवरावा.

## ५. थंड करणे आणि यीस्ट घालणे

उकळते पातेले उचलणे हे या सगळ्या प्रक्रियेतले सर्वांत धोक्याचे काम आहे. शक्य असेल तर दोघांनी, कोरड्या जाड कापडाने धरून ते बर्फाच्या पाण्याच्या टबात ठेवावे आणि लहान मुलांना व पाळीव प्राण्यांना त्या वेळी खोलीबाहेर ठेवावे. वर्ट ४० अंश सेल्सियसच्या खाली आला की फर्मेंटरमध्ये ओतावा आणि आदल्या दिवशीचे थंड पाणी घालून एकूण २० लिटर करावे. तापमान २० अंशांपर्यंत उतरले पाहिजे.

आता हायड्रोमीटरने मापन घ्यावे. ते १.०४६ च्या जवळपास यायला हवे. बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांवर बरोबर असतात, म्हणून गरम वर्टमध्ये घेतलेला आकडा खरा मानू नये. आकडा अपेक्षेपेक्षा फार वेगळा आला तर घाबरून अर्क वाढवण्याआधी वर्ट नीट ढवळला आहे का ते पाहावे. वर ओतलेले पाणी वरच राहिलेले असते आणि जड वर्ट खाली. मापनासाठी काढलेला वर्ट परत ओतू नये.

यानंतर निर्जंतुक चमच्याने किंवा बादली हलवून वर्टमध्ये हवा मिसळावी, कारण यीस्टला वाढीसाठी सुरुवातीला प्राणवायू लागतो. संपूर्ण प्रक्रियेत हवा मिसळणे हिताचे असते ते फक्त याच क्षणी. यापुढे हवा ही बिअरची शत्रू आहे. मग यीस्ट घालून, झाकण आणि एअरलॉक लावून बादली १८ ते २० अंशांच्या अंधाऱ्या जागी ठेवावी.

किण्वनात उष्णता निर्माण होते, त्यामुळे बादलीच्या आतले तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी जास्त असते. ते २४ अंशांच्या वर गेले तर उग्र, डोक्याला चढणारी अल्कोहोले तयार होऊ लागतात. बादली पाण्याच्या टबात ठेवून तिच्याभोवती ओले कापड गुंडाळल्यास आणि पंखा लावल्यास तापमान चांगले उतरते. उन्हाळ्यात हे करणे शक्य नसेल तर थंडीची वाट पाहावी, असे मी स्पष्टच सांगेन.

## ६. फळ तयार करणे

यीस्ट घातल्यानंतरचे चार-पाच दिवस या कामासाठी मिळतात. फळ पिकलेले पण निरोगी असावे. डाग पडलेला किंवा बुरशीचा ठिपका असलेला तुकडा ‘तेवढे कापून’ वापरू नये. फळ धुवावे, देठ काढावेत, आंब्यासारख्या जाड सालीच्या फळाची साल काढावी. चेरी, पीच आणि जर्दाळू यांच्या बिया काढून टाकाव्यात आणि कोणत्याही परिस्थितीत त्या ठेचू नयेत, कारण त्यांतल्या गरापासून सायनाइड तयार होऊ शकते.

फळाच्या सालीवर रानटी यीस्ट आणि जीवाणू असतातच. त्यांचे काय करायचे याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात फळ पूर्ण गोठवून मग वितळवतात. बर्फाच्या स्फटिकांनी फळाच्या पेशी फुटतात आणि रस सहज सुटतो, पण गोठवल्याने जीवाणू मरत नाहीत, केवळ निष्क्रिय होतात, हे लक्षात ठेवावे. दुसऱ्या मार्गात वितळलेल्या फळाचा गर करून तो ६५ ते ७० अंशांवर १५ ते २० मिनिटे ठेवतात आणि झाकून थंड करतात. पहिल्या प्रयत्नात मी दोन्ही एकामागून एक करण्याचा सल्ला देतो. वास किंचित कमी होतो, पण धोका बराच कमी होतो. गर उकळू मात्र नये. उकळल्याने शिजवलेल्या फळाची, मुरंब्याकडे झुकणारी चव येते आणि पेक्टिन सुटून बिअर कायमची गढूळ होते.

गर खोलीच्या तापमानाला आल्यावर त्यात पेक्टिन फोडणारे एन्झाइम पाकिटावरच्या प्रमाणात मिसळून काही तास झाकून ठेवावे. गर गरम असताना घातले तर एन्झाइम निकामी होते, आणि बिअरमध्ये थेट घातले तर अल्कोहोलमुळे त्याचे काम मंदावते. पेक्टिनमुळे मिथेनॉल तयार होते का, असा प्रश्न हमखास विचारला जातो. अत्यल्प प्रमाणात होते, तसे ते फळांच्या रसातही असते. नुसत्या आंबवलेल्या बिअरमध्ये ते चिंता करण्याइतके नसते.

## ७. फळ घालण्याची वेळ

फळ पहिल्याच दिवशी, यीस्टबरोबर का घालू नये? कारण जोमाने चाललेल्या किण्वनात कर्बवायूचे असंख्य बुडबुडे बाहेर पडतात आणि फळाचा वास आपल्याबरोबर घेऊन जातात. खोलीभर रास्पबेरीचा घमघमाट सुटला असेल तर तो वास पेल्यात येणार नाही, एवढे निश्चित. शिवाय साखर आणि हवा दोन्ही असलेला ताजा वर्ट जीवाणूंना फार मानवतो, तर पाच दिवसांनंतरच्या बिअरमध्ये अल्कोहोल असते, आम्लता वाढलेली असते आणि हॉप्सही आपले काम करत असतात, त्यामुळे फळाबरोबर आलेल्या जीवाणूंना तिथे तग धरणे अवघड जाते.

म्हणून मुख्य किण्वनाचा जोर ओसरून वरचा फेस खाली बसला, साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी, की फळ घालावे. जाळीची पिशवी उकळून घ्यावी, तीत गर भरावा, सैल गाठ मारावी आणि पिशवी तरंगू नये म्हणून आत निर्जंतुक केलेले स्टीलचे जड चमचे ठेवावेत. पिशवी अलगद सोडावी. बिअरमध्ये खळखळ होऊन हवा मिसळता कामा नये.

काही तासांतच किण्वन पुन्हा उसळी घेते, आणि इथे एक सापळा आहे. फळाचे तुकडे किंवा गर फेसाबरोबर वर येऊन एअरलॉकमध्ये अडकला तर आतला दाब वाढतो आणि झाकण उडून छतापर्यंत गर उडू शकतो. म्हणून बादलीत किमान ५ लिटरची जागा मोकळी ठेवावी आणि पहिले दोन-तीन दिवस एअरलॉकऐवजी जाड नळी लावून तिचे दुसरे टोक निर्जंतुक द्रावणाच्या भांड्यात बुडवून ठेवावे.

फळ बिअरच्या वर तरंगत राहिले तर त्याच्या कोरड्या पृष्ठभागावर बुरशी येते. दर एक-दोन दिवसांनी बादली हलकेच गोल फिरवून फळ ओले ठेवावे, पण झाकण पुन्हा पुन्हा उघडून पाहू नये. पांढरट, बुडबुड्यांचा फेस आणि यीस्टचे तपकिरी पुंजके नेहमीचे असतात. केसाळ, हिरवा, निळा किंवा काळा थर दिसला तर सगळी बिअर ओतून द्यावी, वरचा थर काढून खाली काही वाचते का ते पाहू नये. फळमाश्यांपासूनही सावध राहावे. त्या व्हिनेगर करणारे जीवाणू घेऊन येतात, आणि एकदा व्हिनेगरचा वास आला की परतीचा मार्ग उरत नाही.

गर ५ ते ७ दिवसांत आपली चव देतो, तुकडे किंवा सबंध बेरी असल्यास ७ ते १४ दिवस लागतात. त्याहून जास्त ठेवल्यास साली आणि बियांतला तुरटपणा उतरू लागतो, विशेषतः रास्पबेरीच्या बारीक बियांतला. पिशवी काढताना ती पिळू नये.

## ८. किण्वन संपल्याची खात्री

ही पायरी घाईने उरकणे सर्वांत महागात पडते. एअरलॉकमधले बुडबुडे थांबणे हा पुरावा नव्हे. झाकण थोडे सैल असले तरी ते थांबतात, आणि किण्वन संपल्यावरही तापमान वाढले तर पुन्हा येतात. खरा पुरावा हायड्रोमीटरचाच. फळ काढल्यानंतर एक मापन घ्यावे आणि तीन दिवसांनी दुसरे. दोन्ही आकडे तंतोतंत सारखे, साधारण १.००८ ते १.०१२ च्या दरम्यान आले तरच पुढे जावे. मापनापूर्वी नमुना हलवून त्यातला वायू घालवावा, नाहीतर बुडबुडे हायड्रोमीटरला वर उचलतात आणि चुकीचा आकडा दाखवतात.

अल्कोहोलचा अंदाज काढण्यासाठी पहिल्या मापनातून शेवटचे वजा करून १३१.२५ ने गुणावे. १.०४६ आणि १.०१० असतील तर ०.०३६ गुणिले १३१.२५, म्हणजे सुमारे ४.७ टक्के. फळाने आणलेली साखर आणि पाणी यात धरलेले नाही, त्यामुळे हा आकडा अंदाजच समजावा.

याच वेळी थोडी बिअर चाखून पाहावी. ती सपाट, कोमट आणि थोडी कच्ची लागेल, ते साहजिक आहे. पण फळ असूनही चव बोथट वाटत असेल तर बहुधा आम्लता कमी पडलेली असते. आंबा आणि पीचच्या बाबतीत हे हमखास होते. एका पेल्यात सायट्रिक किंवा लॅक्टिक आम्लाचे मोजके थेंब घालून फरक पाहावा आणि तो पटला तरच त्या हिशेबाने संपूर्ण बिअरमध्ये घालावे. एवढ्याशा आम्लाने दबलेले फळ कसे वर येते हे एकदा अनुभवल्यावर फळ वाढवत नेण्याचा हव्यास आपोआप कमी होतो. गोडवा वाढवण्यासाठी साखर किंवा मध मात्र घालू नये. यीस्ट जिवंत आहे आणि ते ती साखर बाटलीत खाईल.

## ९. बाटल्या भरणे

बादली शक्य असल्यास एक-दोन दिवस थंड जागी ठेवावी, म्हणजे गाळ आणि गराचे कण खाली बसतात. ज्या दिवशी बाटल्या भरायच्या त्या दिवशी २५० मिलिलिटर पाण्यात साखर काही मिनिटे उकळून, थंड करून दुसऱ्या निर्जंतुक बादलीत ओतावी आणि त्यावर सायफनने बिअर हळूच, खळखळ न होता उतरवावी. नळीचे टोक गाळाच्या वर राहील असे धरावे आणि पिशवीचे दुहेरी कापड टोकाला बांधावे, कारण बाटलीत गेलेल्या गराच्या कणांमुळे झाकण उघडताच बिअर उसळून बाहेर येऊ शकते.

साखरेचे प्रमाण प्रति लिटर ६ ग्रॅम. बिअर प्रत्यक्षात किती लिटर उरली ते मोजून मगच साखर तोलावी. १८ लिटर असेल तर १०८ ग्रॅम, २० असेल तर १२०. अंदाजाने चमचे टाकणे किंवा ‘जरा जास्त फसफसावी’ म्हणून मूठभर वाढवणे हा थेट धोका आहे. जास्तीच्या साखरेमुळे किंवा अपुऱ्या किण्वनामुळे बाटली फुटते तेव्हा काचा खोलीभर उडतात. त्याच कारणाने बाटल्या दाब सोसणाऱ्या, बिअरसाठीच बनवलेल्या जाड काचेच्या असाव्यात. रस, सॉस किंवा साध्या वाइनच्या बाटल्या चालत नाहीत. तडा किंवा टवका असलेली बाटली बाजूला टाकावी.

मानेत सुमारे अडीच सेंटिमीटर जागा सोडून झाकण बसवावे. थोडी बिअर शीतपेयाच्या एका प्लास्टिकच्या बाटलीत भरून ठेवावी. ती दाबून पाहिली की काचेच्या आत दाब किती वाढला आहे ते कळते. ती दगडासारखी कडक झाली की वायू पुरेसा तयार झाला असे समजावे, आणि ती फुगून वेडीवाकडी होऊ लागली तर बाकीच्या बाटल्या लगेच फ्रिजमध्ये ठेवाव्यात.

## १०. मुरवणे, साठवणे आणि ओतणे

भरलेल्या बाटल्या झाकणाच्या खोक्यात, २० अंशांच्या आसपास, अंधारात दोन आठवडे उभ्या ठेवाव्यात. प्रकाशाने हॉप्समधले घटक बदलतात आणि बिअरला उग्र, नकोसा वास येतो; हिरव्या आणि पारदर्शक काचेत हे लवकर होते. फळांची बिअर वर्षभर साठवण्याचा पदार्थ नाही. वास पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत चांगला असतो आणि तीन महिन्यांच्या आत ती संपवावी. प्रत्येक बाटलीवर तारीख, फळ आणि त्याचे प्रमाण लिहावे, नाहीतर पुढच्या वेळी किती वाढवायचे किंवा कमी करायचे हे ठरवायला काही आधार राहत नाही.

पिण्यापूर्वी बाटली किमान एक दिवस फ्रिजमध्ये उभी ठेवावी, म्हणजे वायू बिअरमध्ये नीट विरघळतो आणि तळाचा गाळ घट्ट बसतो. पहिली बाटली मोरीवर धरून उघडावी. ती एका दमात ओतावी आणि गाळ हलू लागताच थांबावे. झाकण उघडताच बिअर कारंज्यासारखी उसळली तर एकूण दाब जास्त झाला आहे असे समजून बाकीच्या सगळ्या बाटल्या त्याच दिवशी अगदी थंड कराव्यात. त्यांना हात लावताना जाड हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. पूर्ण थंड झाल्यावर प्रत्येकीचे झाकण किंचित उचलून वायू सोडावा आणि नवे झाकण बसवावे. उसळलेल्या बिअरला आंबूस किंवा व्हिनेगरसारखा वास असेल तर कारण साखर नसून जीवाणू आहेत. मग झाकणे बदलण्यात वेळ न घालवता बाटल्या रिकाम्या कराव्यात, आणि पुढच्या खेपेपूर्वी सायफनची नळी व फळाची पिशवी नवी घ्यावी.